खांबावरची रेघ

८ जानेवारी

चि. धाकट्या,

तुझ्या लाइटहाउसकडे टपाल नेणारी बोट मंगळवारी निघते म्हणून घाईघाईने लिहितेय. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, तोंड मात्र शाबूत आहे, तेव्हा काळजी नको.

मागच्या सुट्टीत तू टीव्हीला जोडून ठेवलेली ती हार्ड डिस्क आठवते? इतके दिवस मी तिच्यावरची नुसती धूळ पुसत होते. परवा शेवटी लावली. सगळं जग ती हेरांची मालिका बघून विसरूनही गेलं, आणि तुझी ताई आत्ता तिच्या नादी लागलीय. सहा पर्वं आहेत म्हणे. माझं दुसरं चालू आहे. पुढचं एक अक्षर सांगितलंस तर याद राख.

काय रे तो चष्मेवाला! गरीब गाईसारखा चेहरा, छोटंसं दुकान, दोन खोल्यांचं घर, आणि आतून परक्या देशाचा हेर. भिंतीवर खडूने एक रेघ ओढली की धोका, दोन रेघा ओढल्या की भेट. आणि बायको बिचारी रोज त्याचा डबा भरतेय, तिला कशाचा पत्ता नाही. मला तिची इतकी भीती वाटते की विचारू नकोस. म्हणजे तिच्यासाठी वाटते. काल दुपारी कुरिअरवाला आला, तर दार उघडण्याआधी मी खिडकीतून त्याचे बूट बघून घेतले. मालिकेत सगळं बुटांवरूनच कळतं ना!

आता पुढचं वाच, पण हसायचं नाही. मी दिवसभर खिडकीशी पाय लांब करून बसलेली असते. दुकान तुझे दाजी आणि काजवाली मिळून सांभाळतात. काजं-बटणं करायला ठेवलेली ती बाई आता माझ्या मशीनवर बसून सगळंच शिवते. सकाळी ती किल्ली घ्यायला येते आणि दोघं बरोबर जातात. संध्याकाळी हे एकटे परत येतात. तर काल येताना कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खिशातून दुकानातला चपटा खडू काढला, खांबावर एक उभी रेघ ओढली आणि डावीकडे वळून घरी आले.

मी विचारलं, "उशीर झाला का हो?" तर म्हणाले, "नाही, नेहमीसारखाच आलो."

मी हसले. पण खरं सांगू, पडदा मात्र ओढून घेतला.

तुझी ताई


१७ जानेवारी

ताई,

पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने हसलो की आमचे हेड वर दिव्याची काच पुसत होते ते खाली बघायला आले. सगळ्या लाइटहाउसमध्ये माणसं दोनच, त्यातला एक वेडा झाला तर दुसऱ्याने काय करायचं, अशी त्यांना काळजी पडली असणार.

मी किती सांगत होतो तुला, बघ म्हणून! तेव्हा तू आमच्याकडे पाठ करून मशीन चालवत होतीस आणि "आवाज कमी करा" एवढंच म्हणत होतीस. मी आणि दाजींनी सुट्टीभर रोज संध्याकाळी बसून सहाही पर्वं संपवली. शेवटच्या भागात दाजी चष्मा काढून डोळे पुसत होते. मी दिसलो तर म्हणाले, "कापडाची धूळ गेली." तू लावलीस म्हटल्यावर ते खूश झाले असतील. त्यांना विचार चष्मेवाल्याच्या त्या सासऱ्याबद्दल. नाही, नाही, काही सांगत नाही!

खांबावरच्या रेघेचं म्हणशील तर खडू बोथट झाला असेल, खांबावर घासून धार केली असेल. तू आपली पाय वर करून बस. इथे धुकं फार आहे. भोंगा दिवसभर चालू असतो, त्यामुळे डोकं भणभणतंय.

तुझा,
धाकटा


२५ जानेवारी

चि. धाकट्या,

तू गमतीत लिहिलंस, पण इथे भलतंच निघालं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. हल्ली तेही माझ्याबरोबर बघतात, अगदी डोळे विस्फारून. मी सहज म्हटलं, "तुम्ही तर धाकट्याबरोबर सगळी पाहिलीय. मग तो सासरा कसा आहे, सांगा तरी." तर माझ्याकडे वळून म्हणाले, "मी कुठे पाहिली? पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, "अहो, गेल्या सुट्टीत." तर एकदम चिडले. "नाही पाहिली म्हटलं ना!" आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, त्यांनी आखायचं आणि मी शिवायचं असा संसार केला, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एक मालिका पाहिली हे माणूस का लपवेल, सांग.

आणि खडूची धार वगैरे सोड. रेघ रोजची आहे. जुनी पुसट झाली की तिच्यावरच नवी ओढतात. मी काजवालीला सांगितलं, जाता-येता जरा बघ. ती म्हणाली, "बाई, वाटेत कुठे एक रेघ आहे, कुठे दोन आहेत. आणि आपल्या फाटकावरही खूण आहे, गोल काढून मध्ये फुली." तुला आठवत असेल, दुसऱ्या पर्वात ज्या घरावर खूण करतात त्या घराचं काय होतं. मी तो भाग अर्धा बघून बंद केला.

गुरुवारी तर एक माणूस बरोबर होता. राखाडी कोट, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. दोघं खांबापाशी उभे राहिले. त्या माणसाने आपल्या घराकडे बोट केलं. अगदी माझ्या खिडकीकडे! तुझ्या दाजींनी मान डोलावली. मग त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेला. मी विचारलं, "कोण होतं हो बरोबर?" म्हणाले, "कोणी नाही."

आणखी एक लिहायचंय. कसं लिहू तेच कळत नाही. काल सकाळी मी चहा ओतत होते. हे माझ्याकडे बघत राहिले आणि अगदी गिऱ्हाइकाशी बोलतात तसं अदबीने म्हणाले, "बाई, तुमचं माप घेतलंय ना आपण?" मला वाटलं थट्टा करतायत. पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग मला चष्मेवाला आठवला. घरात कोणीतरी चोरून ऐकतंय असं कळल्यावर तो बायकोशी परक्यासारखं बोलतो ना, तसंच! ते दुकानात गेल्यावर मी एका पायावर लंगडत दिव्याखाली, घड्याळामागे, फ्लॉवरपॉटमध्ये सगळीकडे शोधलं. पॉटात एक मेलेलं झुरळ निघालं. एरवी मी हसले असते.

वाटतं, सरळ समोर बसवून विचारावं, काय चाललंय तुमचं? पण तोंड उघडत नाही. ते खरं सांगतील याचीच भीती वाटते. तू काय म्हणतोस ते लगेच लिही.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

या वेळी हसू आलं नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं.

दाजींना मी कधी खोटं बोलताना पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकाचं कापड कमी पडलं तर स्वतःहून सांगणारा माणूस. त्यांनी माझ्या शेजारी बसून ती मालिका पाहिलीय, यात तिळमात्र शंका नाही. मग ते नाही का म्हणतायत? हेर-बिर सोडून दे, आपल्या घरात कोण हेर होणार! पण कोणीतरी त्यांना धाक दाखवत असेल. दुकानाच्या जागेवर कुणाचा डोळा असेल. तो कोटवाला घर दाखवून गेला, ते मला अजिबात आवडलेलं नाही. आणि घर दाखवल्यावर दाजींनी मान डोलावली, ते तर मुळीच नाही.

समोरासमोर विचारू नकोस. पाय मोडलेला, घरात तू एकटी, आणि ते तुझ्यावर ओरडले म्हणतेस. तिसऱ्या पर्वात चष्मेवाल्याची बायको काय करते आठव. तू तिथवर आली असशीलच. ती खूण पुसून टाकते आणि पडद्याआडून बघत राहते. तूही तेच कर. खूण नाही म्हटल्यावर कोण येतं, कोण गोंधळतं, ते आपोआप दिसेल. कोटवाला आला तर काजवालीला घेऊन थेट पोलिसांत जा.

मी इथे समुद्रात अडकलोय आणि तुझ्याजवळ कोणी नाही, या विचाराने जीव थाऱ्यावर नाही. जपून राहा.

धाकटा


१० फेब्रुवारी

चि. धाकट्या,

प्लास्टर काल निघालं. पाय वाळक्या लाकडासारखा दिसतोय, पण काठी धरून चालता येतं.

आज दुपारी तुझं ऐकलं. ओलं फडकं घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले आणि खांब लख्ख पुसला. येताना फाटकावरची ती फुलीही घासून काढली. घाईत फडकं दोनदा खाली पडलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आज फाटकाची साफसफाई?" मी म्हटलं, "हो, घरात बसून कंटाळा आला."

आता पडदा ओढून खुर्चीत बसलेय. त्यांची यायची वेळ होत आली. बोटीची पोस्ट सकाळी लवकर जाते म्हणून पत्र आत्ताच बंद करून शेजारच्या बाईंकडे देते. पुढचं पुढच्या पत्रात. देवा, तो कोटवाला येऊ नये.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

बोट आली, तुझं पत्र मिळालं, पण त्यात पुढचं काहीच नाही. काय झालं? कोण आलं? हेडनी वायरलेसवरून बंदरावर निरोप ठेवलाय, पण तिकडून उत्तर नाही. रागावली असशील तर रागाव, पण दोन ओळी पाठव.

धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तुझे दाजी घरी आहेत. आत झोपलेत. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

त्या संध्याकाळी मी पडद्याच्या फटीतून बघत होते. ते नेहमीच्या वेळेला आले, एकटेच. खांबापाशी थांबले. खांबावर हात फिरवला. मग खांबाला वळसा घालून पलीकडून पाहिलं. पुन्हा हात फिरवला. मग मान वर करून एकेक इमारत बघता बघता त्यांची नजर आपल्या खिडकीपर्यंत आली. मला वाटलं, पकडली मी! आणि मी पडदा सोडून मागे सरले. भिंतीला चिकटून उभी राहिले, ती मालिकेतली बाई राहते अगदी तशी. पुन्हा डोकावले तेव्हा ते सरळ रस्त्याने चालत निघाले होते. डावीकडे वळलेच नाहीत.

मी मनात म्हटलं, बघ, चालले त्या कोटवाल्याला भेटायला.

अंधार पडायला लागला तरी पत्ता नाही. दुकानात फोन केला. काजवाली म्हणाली, "केव्हाच निघाले." ती धावत आली आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. मी काठी टेकत, ती टॉर्च घेऊन. म्हटलं, दुकानापासूनच सुरुवात करू, वाटेत कोणी पाहिलं असेल तर सांगेल. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, भिंतीवर एक रेघ. तिथून आपला रस्ता डावीकडे वळतो. टायरवाल्याच्या खांबावर दोन रेघा. तिथून उजवीकडे. काजवालीने टॉर्च धरला होता आणि मी त्या दोन रेघांकडे बघत उभी राहिले. आखूड, तिरक्या टोकाच्या, वरच्या बाजूला जरा जाड. धाकट्या, हा हात मला माहीत आहे. डाव्या बाहीला एक रेघ, उजव्या बाहीला दोन. म्हणजे मी शिवताना बाह्या उलटसुलट लावू नयेत. मी नवी नवी मशीनवर बसले तेव्हा एकाच झग्याला दोन डाव्या बाह्या जोडल्या होत्या, तेव्हापासून ते अशी खूण करतात. मला चुकू नये म्हणून. हजारो बाह्या मी त्या रेघांवर विसंबून शिवल्या. आणि त्याच रेघा भिंतीवर दिसल्या, तर मी त्या चष्मेवाल्याच्या समजले.

फाटकावरची गोलातली फुली म्हणजे बटणाची जागा. इथे बंद करायचं, इथे संपलं. ते घर होतं.

मी रस्त्यातच खाली बसले. काजवाली विचारत होती, "बाई, पाय दुखतोय का?"

पाय मोडायच्या आधी आम्ही रोज बरोबर यायचो. मी पुढे, ते मागे. कोपरा आला की म्हणायचे, "तू हो पुढे." मला वाटायचं, दिवसभर उभं राहून थकतात. मी खुर्चीला खिळले आणि त्यांना वाट दाखवणारं कोणी उरलं नाही. कुणाला कळू नये म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही सोय केली. आणि मी ती ओल्या फडक्याने पुसली.

त्या सरळ रस्त्याच्या टोकाला शाळा आहे. शाळेच्या फाटकाशी चौकीदाराच्या खोलीत दिवा दिसला म्हणून विचारायला गेलो. आत स्टुलावर हे बसले होते, हातात खडू घट्ट धरून. आणि शेजारी तो राखाडी कोट. मला बघून चौकीदार उठला. म्हणाला, "तुम्ही यांच्या घरच्या का? याआधी चुकले तेव्हा मीच, ड्युटीवर यायच्या आधी, कोपऱ्यापर्यंत सोडलं होतं. ती खिडकी माझ्या ओळखीची आहे, त्यांनीच एकदा दाखवली होती. आज मी नुकताच कामावर आलो तर हे इथे, आणि खिडकी आठवेना म्हणाले. ड्युटी सोडून निघता येईना." मी त्याचे पाय धरायचीच बाकी होते.

यांनी मला ओळखलं. म्हणाले, "अगं, रेघ नव्हती. मी केली होती, पण नव्हती." लहान मुलासारखा तोंडाचा आ करून रडले. मी सांगितलं, मी पुसली. त्यावर त्यांनी नुसता माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, विसरण्याचा आजार आहे, बरेच दिवस झाले असतील, आपण उशिरा आलो. गोळ्या दिल्यात. आता आहे ते जपायचं, गेलेलं परत येणार नाही, असं म्हणाल्या. मालिका पाहिलेली ते लपवत नव्हते रे. त्यांना खरंच आठवत नाही. ते माझ्या शेजारी बसून ती पहिल्यांदाच बघत होते.

मला फार भीती वाटते. मालिकेतली भीती टीव्ही बंद केला की थांबायची. ही मी डोळे मिटले तरी तशीच असते.

तुला दोष देऊन हे लिहीत नाही. पुसलं माझ्या हातांनी.

ताई


४ मार्च

ताई,

पुसायला मी सांगितलं. मी हसत बसलो, मग घाबरलो, आणि तुला नको ते सुचवलं. इथे लांबून जाणाऱ्या बोटी वाट चुकू नयेत म्हणून मी दिवा जपतो, आणि माझ्या घरच्या माणसाची वाट मीच घालवली. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

हेडना सगळं सांगितलं. ते खाली कोठारात गेले आणि एक डबा घेऊन आले. या मनोऱ्याचे पांढरे पट्टे ज्याने रंगवतो तो रंग. खारं वारं, लाटा, ऊन, कशानेही जात नाही. म्हणाले, "घेऊन जा. बदलीचा माणूस येईपर्यंत तुझा पहारा मी करतो." रजेचा अर्ज वायरलेसवरूनच गेला आणि मंजूरही झाला. पुढच्या बोटीने निघतोय. आल्यावर मी आणि दाजी मिळून एकेक कोपरा रंगवू. त्यांनी खडूने आखायचं, मी त्यावरून ब्रश फिरवायचा. एक रेघ डावीकडे, दोन उजवीकडे, फुलीला घर. मी पाठ केलंय.

तोवर त्यांना एकटं सोडू नकोस. आणि तूही एकटी घाबरत बसू नकोस.

धाकटा


९ मार्च

चि. धाकट्या,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "धाकटा येतोय? मग त्याला काही चांगली मालिका आणायला सांग."

आम्ही पहिल्या पर्वापासून पुन्हा सुरू केलीय. मी शेवट अजून पाहिलेला नाही, आणि पुढचं सांगू नको म्हणून तुला दम दिला होता तो मागे घेते. शेवटी ती बाई त्याला सोडून जाते का, एवढं मला कळव. कारण हे प्रत्येक भागाला तेच विचारतात, काळजीने, माझा हात धरून. आणि मी दर वेळी सांगते, नाही जात. मालिकेत काहीही होवो, मी हेच सांगणार आहे. फक्त बरोबर सांगतेय का, ते मला ठाऊक असू दे.

कोपऱ्यावरच्या रेघा आता मी रोज सकाळी स्वतः ओढते. काजवाली मला हसते, म्हणते, बाई, तुमची रेघ वाकडी येते. खरंच येते. आखायचं काम कधी केलंच नाही मी. दुकान काही दिवस अर्धाच वेळ उघडतो. ते कापतात अजून, हात बरोबर चालतो, कात्री सुताइतकीही हलत नाही. तेव्हा वाटतं, काही झालंच नाहीये. मग कापून झाल्यावर ते विचारतात, हे कोणाचं होतं. मी नाव सांगते आणि कापडावर चिठ्ठी टाचते.

काल संध्याकाळी तो भाग लागला होता, खडूच्या रेघेचा. मी बंद करायला उठणार, तर त्यांनी मला थांबवलं. खिशात हात घालून खडू काढला. माझा हात पुढे ओढला, बाही सरळ केली, आणि अगदी सावकाश, जीभ दाताखाली धरून, बाहीवर एक गोल काढला आणि मध्ये फुली मारली. म्हणाले, "आता चुकायचं नाही."

ती बाही मी अजून धुतलेली नाही. पण खडू फार टिकत नाही रे, आत्ताच एक कड पुसट झालीय. तू रंग घेऊन लवकर ये.

ताई